अक्षरावरून स्वभाव: कागदावर नेमके काय उमटते?

जानेवारी २००५ मध्ये स्वित्झर्लंडमधील दावोस येथे जागतिक आर्थिक मंचाची बैठक भरली होती. एका चर्चासत्रानंतर, ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान टोनी ब्लेअर बसले होते त्या जागी एक कागद सापडला. त्यावर काही टिपणे होती आणि कंटाळवाण्या बैठकीत कोणाच्याही हातून उमटतात तशा चौकटी, त्रिकोण, गोल अशा आकृत्या होत्या. ब्रिटिश वृत्तपत्रांनी तो कागद ब्लेअर यांचाच आहे असे समजून हस्ताक्षरावरून स्वभाव सांगणाऱ्यांना दाखवला, आणि त्यांनीही फारशी भीड न ठेवता निदान केले. हा माणूस तणावाखाली आहे, त्याचे चित्त थाऱ्यावर नाही, परिस्थितीवरची त्याची पकड सुटत चालली आहे, हाती घेतलेले काम तडीस नेणे त्याला जमत नाही, असा त्यांचा एकंदर सूर होता. इराक युद्धामुळे टीकेचे धनी झालेल्या आणि निवडणूक तोंडावर असलेल्या पंतप्रधानाविषयी हे सारे सहज पटण्यासारखे होते. काही दिवसांतच पंतप्रधान कार्यालयाने खुलासा केला की तो कागद ब्लेअर यांचा नव्हताच. तो त्याच चर्चेत सहभागी असलेल्या बिल गेट्स यांचा होता.

हा किस्सा हसून सोडून देता येतो, परंतु त्यात या विषयाची सगळी गुंतागुंत सामावलेली आहे. तज्ज्ञांनी रेघा वाचल्या असे त्यांना स्वतःलाही प्रामाणिकपणे वाटले असेल. प्रत्यक्षात त्यांनी वाचली ती ब्लेअर यांच्याविषयीची वर्तमानपत्रे. रेघांनी फक्त आधीच ठरलेल्या मताला आधार पुरवला.

हस्ताक्षरातून स्वभाव ओळखण्याच्या या विद्येला ग्राफॉलॉजी म्हणतात. तिची पाळेमुळे बरीच जुनी आहेत. इटलीतील बोलोन्याचा विद्वान कामिल्लो बाल्दी याने १६२२ मध्ये, पत्रावरून लिहिणाऱ्याची प्रकृती आणि गुण कसे ओळखावेत, या विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केला. ‘ग्राफॉलॉजी’ हा शब्द मात्र एकोणिसाव्या शतकातला, फ्रान्समधील धर्मगुरू झाँ-इप्पोलित मिशाँ यांनी १८७० नंतरच्या दशकात रूढ केलेला. मिशाँ यांची पद्धत सरळ होती: अक्षरातील प्रत्येक खूण म्हणजे स्वभावातील एक गुण, आणि ती खूण नसेल तर त्या गुणाच्या उलट गुण. त्यांचे अनुयायी ज्यूल क्रेपिए-जामँ यांना हे फारच ठोकळेबाज वाटले. एकेक खूण सुटी न पाहता सगळ्या खुणांचा मेळ पाहावा, असे त्यांनी सांगितले. जर्मनीत लुडविग क्लागेस यांनी त्याहून पुढे जाऊन अक्षराची लय आणि त्यातील चैतन्य यांवर भर दिला. दरवेळी पद्धत अधिक सूक्ष्म होत गेली आणि त्याचबरोबर ती तपासून पाहणेही अधिक अवघड होत गेले, कारण ‘सगळ्याचा मेळ’ म्हटल्यावर कोणतीही एक खूण चुकली तरी दुसऱ्या खुणेचा आधार घेता येतो.

आजही सांगितल्या जाणाऱ्या खुणा साधारण अशा असतात. ओळ वर चढत असेल तर माणूस आशावादी, खाली उतरत असेल तर निराश. अक्षर उजवीकडे झुकलेले असेल तर माणूस लोकांमध्ये मिसळणारा, डावीकडे झुकलेले असेल तर स्वतःत रमणारा. अक्षर मोठे असेल तर आत्मविश्वास, बारीक असेल तर एकाग्रता. पेनाचा दाब जास्त असेल तर भावना तीव्र. दोन शब्दांमधले अंतर मोठे असेल तर माणूस इतरांना चार हात दूर ठेवणारा. ही यादी वाचताना एक गोष्ट ध्यानात येते: यातले बहुतेक नियम कोणी न शिकवताही आपण सांगू शकलो असतो. वर म्हणजे उत्साह, खाली म्हणजे खच्ची होणे, अंतर म्हणजे दुरावा, दाब म्हणजे जोर. हे सगळे भाषेतले लाक्षणिक अर्थ आहेत. शब्दांतले रूपक उचलून ते शाईवर लावले की नियम तयार होतो. या मुद्द्याकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

या दाव्याची पहिली गंभीर तपासणी बुद्धिमापन चाचणीचे जनक आल्फ्रेद बिने यांनी केली आणि १९०६ मध्ये ती पुस्तकरूपाने मांडली. बिने यांचा या विद्येला विरोध नव्हता. उलट त्यांना तीत तथ्य असावे असे वाटत होते. त्यांनी स्त्रिया आणि पुरुष यांनी लिहिलेले पत्त्याचे लिफाफे तज्ज्ञांपुढे ठेवले आणि कोणता लिफाफा कोणाचा हे ओळखायला सांगितले. तज्ज्ञांची उत्तरे नुसत्या अंदाजापेक्षा बरीच अधिक बरोबर आली. पण या विषयाचा गंधही नसलेल्या सामान्य माणसांची उत्तरेही अंदाजापेक्षा बरीच बरोबर आली, आणि दोघांमधले अंतर फार मोठे नव्हते. अक्षरावरून स्त्री की पुरुष हे सुमारे दहापैकी सात वेळा ओळखता येते, हे नंतरच्या अभ्यासांतही दिसून आले आहे. गंमत अशी की अनेक ग्राफॉलॉजिस्ट आपल्याला अक्षरावरून लिंग सांगता येत नाही असे आधीच बजावतात. म्हणजे जे खरोखर काही प्रमाणात कळते ते सांगण्यास ते नकार देतात, आणि प्रामाणिकपणा, निष्ठा, नेतृत्व अशा ज्या गोष्टी पडताळणे कठीण त्या मात्र खात्रीने सांगतात.

अशी तपासणी करताना एक सापळा असतो आणि तो समजून घेतल्याशिवाय या क्षेत्रातील आकडे वाचण्यात अर्थ नाही. समजा, एखाद्या उमेदवाराला ‘स्वतःविषयी एक पान हाताने लिहा’ असे सांगितले. त्या पानावर त्याचे शिक्षण, घरची परिस्थिती, आवडीनिवडी, शब्दसंपत्ती, शुद्धलेखन, विचारांची मांडणी हे सगळे आपोआप येते. तज्ज्ञाने ते वाचून ‘हा माणूस पद्धतशीर आहे’ असे सांगितले आणि ते खरे ठरले, तर ते अक्षराच्या वळणावरून कळले की मजकुरावरून? जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातील गेर्शोन बेन-शाखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये नेमका हाच प्रश्न हाताळला. इस्राएलमध्ये नोकरभरतीसाठी हस्ताक्षर तपासण्याची प्रथा तेव्हा चांगलीच रुजलेली असल्यामुळे हा प्रश्न तिथे केवळ पुस्तकी नव्हता. बँकेतील कर्मचाऱ्यांनी हाताने लिहिलेली आत्मवृत्ते त्यांनी ग्राफॉलॉजिस्टांना दिली, आणि त्यांतील मजकुराचाच आधार घेऊन केलेल्या अंदाजांशी त्यांची तुलना केली. वरिष्ठांच्या मूल्यमापनाशी ताडून पाहता ग्राफॉलॉजिस्ट त्या अंदाजांहून सरस ठरले नाहीत. दुसऱ्या प्रयोगात आठ वेगवेगळ्या व्यवसायांतील ४० यशस्वी व्यक्तींचे हस्ताक्षर पाच ग्राफॉलॉजिस्टांना दाखवून कोण कोणत्या व्यवसायातला हे विचारले. त्यांची उत्तरे चिठ्ठ्या टाकून आली असती त्याहून वेगळी नव्हती.

१९८९ मध्ये एफ्रात नेतेर आणि बेन-शाखर यांनी तोपर्यंतचे १७ अभ्यास एकत्र करून त्यांचा एकत्रित निष्कर्ष काढला. लिहिणाऱ्याने स्वतःविषयी लिहिलेले असेल तेव्हा ग्राफॉलॉजिस्टांना थोडेफार बरोबर सांगता येत होते, पण तेवढे हस्ताक्षराविषयी काहीही न शिकलेल्यांनाही सांगता येत होते, आणि मानसशास्त्रज्ञ तर किंचित पुढेच होते. सर्वांनी एकच ठरावीक मजकूर नकलून काढलेला असेल, म्हणजे मजकुरातून काहीच कळणे शक्य नसेल, तेव्हा ग्राफॉलॉजिस्टांचे यश जवळजवळ शून्यावर आले. पुढे जेफ्री डीन यांनी १९९२ मध्ये सुमारे २०० अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हाही व्यवहारात उपयोगी पडावा इतका संबंध आढळला नाही. अलीकडे मानसशास्त्रात व्यक्तिमत्त्वाचे पाच मुख्य पैलू मानले जातात: बहिर्मुखता, इतरांशी जुळवून घेण्याची वृत्ती, कर्तव्यदक्षता, भावनिक अस्थैर्य आणि नव्या अनुभवांविषयीचा मोकळेपणा. पोलंडच्या बार्बारा गाव्दा यांनी २०१४ मध्ये या पैलूंशी अक्षराची वैशिष्ट्ये ताडून पाहिली, आणि अक्षरावरून स्वभाव मोजण्यास आधार नाही असाच निष्कर्ष काढला.

याला एक अपवादासारखी गोष्ट म्हणजे सही. चार्ल्स हॅम, निकोलस सायबर्ट आणि शॉन वांग यांनी अमेरिकी कंपन्यांच्या मुख्य अधिकाऱ्यांच्या सह्यांचा आकार मोजून २०१८ मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. मोठी सही करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या कंपन्यांत गुंतवणूक अवाजवी आणि नफा कमी, असा कल त्यांना दिसला, आणि सहीचा आकार हे आत्मप्रौढीचे माप मानता येईल असे त्यांनी सुचवले. हे अशक्य नाही, कारण सही हे नुसते अक्षर नसते. ती आपण स्वतः मुद्दाम रचलेली असते, कॉलेजच्या वहीच्या शेवटच्या पानावर पन्नास वेळा गिरवून पक्की केलेली असते, आणि म्हणून ती कपड्यांच्या निवडीसारखी असते. मात्र शेकडो अधिकाऱ्यांच्या सरासरीत दिसणारा कल आणि समोरच्या एका माणसाच्या सहीवरून त्याचा स्वभाव सांगणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. सही बदलली की नशीब बदलते, असे सांगून आपल्याकडे जे वर्ग आणि सल्लागार चालतात, त्यांच्या दाव्याला यातून काहीही बळ मिळत नाही. तिथे तर कार्यकारणभावच उलटा केलेला असतो.

मग हे इतके पटते का? यामागे दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पहिली अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी दाखवून दिली. त्यांनी आपल्या ३९ विद्यार्थ्यांची एक व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि आठवड्याने प्रत्येकाला त्याचे ‘स्वतंत्र’ वर्णन दिले. तुम्हाला इतरांनी आपल्याला पसंत करावे असे वाटते, तुमच्यात न वापरलेली बरीच क्षमता आहे, बाहेरून शिस्तबद्ध दिसत असलात तरी आतून तुम्ही साशंक असता, अशा आशयाची ती वाक्ये होती. वर्णन किती जुळते याला विद्यार्थ्यांनी ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले. प्रत्यक्षात सर्वांना एकच मजकूर दिलेला होता, आणि त्यातला बराच भाग फोरर यांनी एका ज्योतिषाच्या पुस्तकातून घेतला होता. हा निष्कर्ष १९४९ मध्ये प्रसिद्ध झाला. हस्ताक्षराचा अहवाल हाती आल्यावर ‘अगदी माझेच वर्णन आहे’ असे जे वाटते, त्याची फोड बहुतांशी इथेच होते.

दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे आणि ती चित्रांनाही लागू पडते, म्हणून आधी चित्रांकडे वळू.

लहान मुलांच्या चित्रांचा अभ्यास वेगळ्या वाटेने सुरू झाला. अमेरिकेतील फ्लॉरेन्स गुडइनफ यांनी १९२६ मध्ये ‘माणूस काढ’ ही चाचणी तयार केली. तीत चित्र सुंदर आहे की नाही हे पाहत नाहीत. डोळे आहेत का, बोटे पाच आहेत का, हात खांद्यातून निघतात की पोटातून, कपडे दाखवले आहेत का, अशा ५१ मुद्द्यांवर गुण देतात आणि त्यावरून मुलाच्या बौद्धिक वाढीचा अंदाज घेतात. यात तथ्य आहे, कारण मुलांची चित्रे एका ठरावीक क्रमाने बदलत जातात. आधी नुसत्या रेघोट्या येतात. साधारण तीन-चार वर्षांचे मूल एक गोल काढून त्यालाच थेट हातपाय जोडते, म्हणजे डोके आणि धड असा भेदच नसतो. पुढे धड येते, मग मान, मग बोटे. काही काळ मूल दिसते ते न काढता माहीत असते ते काढते: घराच्या भिंतीतून आतली माणसे दिसतात, आईच्या पोटातले बाळ दिसते. इंग्लंडमध्ये जुळ्यांच्या ७,७५२ जोड्यांवर केलेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, चार वर्षांच्या वयात काढलेल्या चित्राचे गुण आणि त्याच वयातील बुद्धिमापन यांचा सहसंबंध ०.३३ आढळला, आणि चौदाव्या वर्षीच्या बुद्धिमापनाशी तो ०.२० होता.

हे आकडे समजावून घेणे आवश्यक आहे. सहसंबंध १ असेल तर एका गोष्टीवरून दुसरी तंतोतंत सांगता येते, ० असेल तर काहीच सांगता येत नाही. ०.२० चा वर्ग केला तर ०.०४ येतो, म्हणजे मुलांच्या बुद्धिमापनात जो कमीजास्तपणा दिसतो, त्यातला ४ टक्के भाग चित्राच्या गुणांशी जुळतो आणि उरलेला ९६ टक्के जुळत नाही. हजारो मुलांच्या अभ्यासात हा संबंध खरा आहे आणि तो रंजकही आहे. तुमच्या भाच्याने काढलेल्या माणसाला मान नाही म्हणून काळजीत पडण्याजोगा मात्र तो नाही. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटच्या चित्रकला परीक्षा दिलेल्यांना तर सांगायलाच नको की सरावाने आणि मार्गदर्शनाने चित्र किती बदलते.

वाढीचा अंदाज घेणे ही एक गोष्ट आणि मनाचा ठाव घेणे ही दुसरी. जॉन बक यांनी १९४८ मध्ये ‘घर, झाड, माणूस’ ही चाचणी मांडली आणि १९४९ मध्ये कॅरन मॅकओव्हर यांनी माणसाच्या चित्रातून व्यक्तिमत्त्व वाचण्याची पद्धत पुस्तकरूपाने दिली. डोळे किंवा कान ठळक असतील तर संशयी वृत्ती, डोके मोठे असेल तर बुद्धीविषयीची चिंता, कपड्यांवर गुंड्या ठळक असतील तर परावलंबन, असे तिचे स्वरूप होते. ही पद्धत मानसोपचार करणाऱ्यांमध्ये लोकप्रिय झाली. पुढे नियंत्रित अभ्यासांमध्ये अशा सुट्या खुणांना आधार मिळत नसल्याचे पुन्हा पुन्हा दिसले, तरीही अनुभवी उपचारक सांगत राहिले की आमच्या रुग्णांमध्ये आम्ही हे स्वतः पाहिले आहे.

लोरेन आणि जीन चॅपमन या दांपत्याने १९६७ मध्ये या ‘स्वतः पाहिले आहे’चाच शोध घेतला. त्यांनी माणसांची चित्रे घेतली, प्रत्येक चित्राखाली ते काढणाऱ्याच्या मानसिक तक्रारी लिहिल्या आणि ते विद्यार्थ्यांना दाखवले. तक्रारी चित्रांना सरमिसळ करून लावलेल्या होत्या. ठळक डोळे आणि संशय यांची सांगड मुद्दाम होऊ दिलेली नव्हती. या विषयात काहीही न शिकलेल्या त्या विद्यार्थ्यांनी तरीही सांगितले की संशयी लोकांनी डोळे वेगळे काढले होते आणि बुद्धीची चिंता असणाऱ्यांनी डोके मोठे काढले होते. म्हणजे समोरच्या पुराव्यात जे नव्हतेच ते त्यांना दिसले, आणि ते नेमके व्यावसायिकांना दिसत होते तेच होते. डोळे म्हणजे पाळत, डोके म्हणजे बुद्धी, ही सांगड भाषेत आणि संस्कारात आधीपासूनच बसलेली असते. मन ती पुराव्यावर चढवते आणि मग ती पुराव्यातून मिळाली असे समजते. रॉय किंग आणि डेरेक केलर यांनी २००० मध्ये हाच प्रयोग हस्ताक्षरावर केला आणि निष्कर्ष तोच आला. ओळ चढती म्हणजे उत्साह, हा नियम आपल्याला इतका स्वाभाविक का वाटतो, याचे उत्तर इथे मिळते. अनुभव वाढल्याने असा भ्रम कमी होत नाही. जुळलेली उदाहरणे तेवढी साठत जाऊन तो अधिकच घट्ट होतो.

बैठकीत काढलेल्या आकृत्यांविषयी एक गोष्ट मात्र ठामपणे म्हणता येते. ब्रिटनमधील जॅकी अँड्रेड यांनी २००९ मध्ये ४० जणांना एक कंटाळवाणा ध्वनिमुद्रित निरोप ऐकवला; निम्म्यांना ऐकता ऐकता कागदावरचे आकार रंगवायला सांगितले. रंगवणाऱ्यांना नंतर २९ टक्के अधिक तपशील आठवले. तेव्हा बैठकीत चौकटी काढणारे गेट्स ‘एकाग्र होऊ शकत नाहीत’ हे निदान दुहेरी फसलेले म्हणावे लागेल.

आपल्याकडे या विषयाला आणखी एक बाजू आहे. ग्राफॉलॉजीच्या खुणा रोमन लिपीवर बेतलेल्या आहेत: ‘आय’वरचा ठिपका कुठे पडला, ‘टी’ची आडवी रेघ किती उंचावर आहे, ‘जी’ आणि ‘वाय’ यांचे खालचे वळसे केवढे आहेत. देवनागरीत ठिपके अनुस्वाराचे, वळसे वेगळ्या जागी, आणि आडवी रेघ तर प्रत्येक शब्दावर. मोडीची गोष्ट त्याहूनही निराळी. मोडी लिहिताना आधी पानभर शिरोरेघ ओढून घेत आणि मग हात फारसा न उचलता अक्षरे तिच्याखाली झरझर लिहीत जात. चिटणिसी वळण गिरवून तयार झालेले कारकून शक्य तितके एकमेकांसारखे लिहीत, कारण तेच त्यांचे कसब होते. वळणावरून स्वभाव ठरत असेल, तर एका दफ्तरातले सगळे कारकून एकाच स्वभावाचे मानावे लागतील.

समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेला दिला आहे. अक्षर घडसून, म्हणजे घोटून, सुंदर करावे, ते वाटोळे, सरळ आणि मोकळे असावे, ओळी मोत्यांच्या माळांसारख्या चालाव्यात, आणि पहिल्या अक्षरापासून ग्रंथ संपेपर्यंत सारे एकाच टाकाने लिहिलेले वाटावे, असे ते सांगतात. तरुणपणी फार बारीक लिहू नये, ते म्हातारपणी कामाला येणार नाही, असाही त्यांचा सल्ला आहे. बारीक अक्षर दिसले की ग्राफॉलॉजिस्टला लिहिणाऱ्याची एकाग्रता आठवते. समर्थांना वाचणाऱ्याचे डोळे आठवतात. अक्षर ही कमावण्याची गोष्ट आहे, हे त्यांनी गृहीतच धरले आहे.

शाळेने लावलेले वळण किती खोल असते याचे अलीकडचे उदाहरण म्हणजे ‘ल’ आणि ‘श’. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये देवनागरीचे प्रमाणीकरण करताना पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ स्वीकारले. त्याआधी शिकलेल्या अनेकांच्या हातात ही अक्षरे हिंदी वळणाची बसलेली आहेत. एकाच घरात बाप आणि मुलगी ‘ल’ निराळा काढतात, तो शासन निर्णयामुळे. मोत्यासारखे अक्षर असलेल्यांना कष्टाळू आणि कोंबडीच्या पायांसारखे अक्षर असलेल्यांना गबाळे मानण्याची शाळांची रीत मात्र अजून तशीच आहे. त्यात काही मुलांवर खरा अन्याय होतो. अक्षरे जुळवणे, अंतर राखणे, हात आणि डोळा यांचा मेळ घालणे ज्यांना मुळातच जड जाते अशी मुले आळशी नसतात. त्यांना लेखनाची अध्ययन अक्षमता असते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, आणि प्रमाणपत्र असल्यास परीक्षेत वाढीव वेळ व लेखनिक अशा सवलती मिळतात.

याचा अर्थ अक्षर काहीच सांगत नाही असा नाही. ते माणसागणिक वेगळे असते, आणि हा वेगळेपणा बोटांत नसून मेंदूत असतो. मार्क रेबर्ट यांनी १९७७ मध्ये एकच वाक्य उजव्या हाताने, मनगट आवळून, डाव्या हाताने, दातांत पेन धरून आणि पायाला पेन बांधून लिहवून घेतले. रेघा थरथरल्या, पण वळण ओळखू येत राहिले. अक्षराचा आराखडा मेंदूत अशा रूपात साठवलेला असतो की तो कोणत्याही स्नायूंकडून वठवून घेता येतो. ग्राफॉलॉजीचे समर्थक यावरूनच म्हणतात की हस्ताक्षर हे मेंदूचे लेखन आहे, म्हणून त्यात स्वभाव येणारच. पण जांभईही मेंदूच घडवतो, आणि चालण्याची ढबही. एखादी गोष्ट मेंदूतून आली म्हणून तिच्यात सारे काही लिहिलेले असते असे होत नाही.

या वेगळेपणाचा खरा उपयोग न्यायालयात होतो आणि तो ग्राफॉलॉजीहून पूर्णपणे भिन्न आहे. दस्तऐवज तपासणारा तज्ज्ञ लिहिणारा कसा आहे हे सांगत नाही. दोन लेखन एकाच हातचे आहे का, एवढेच सांगतो. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम ४५ मध्ये अशा तज्ज्ञाच्या मताला स्थान होते, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ३९ मध्ये ते कायम आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये मुरारी लाल खटल्यात सांगितले की या मताला दुजोरा हवाच असा नियम नाही, तरी ते सावधपणे तोलून घ्यावे, कारण हे शास्त्र बोटांच्या ठशांच्या शास्त्राइतके परिपूर्ण नाही. सावधगिरी का हवी, याचे जगप्रसिद्ध उदाहरण फ्रान्सचे आहे. १८९४ मध्ये एका हेरगिरीच्या कागदावरून कॅप्टन आल्फ्रेद ड्रेफस यांना दोषी ठरवण्यात आले. गुन्हेगारांच्या शरीरमापनाबद्दल नावाजलेले आल्फाँस बर्तियों यांनी ते अक्षर ड्रेफस यांचेच आहे असे सांगितले, आणि जिथे ते जुळत नव्हते तिथे ड्रेफस यांनी स्वतःच्याच अक्षराची मुद्दाम नक्कल केली असा सिद्धांत मांडला. खरा लिहिणारा एस्टरहाझी नावाचा अधिकारी होता. ड्रेफस १९०६ मध्ये निर्दोष ठरले. आजच्या तज्ज्ञांची अवस्था याहून खूप चांगली आहे: अमेरिकेत ८६ तपासनिसांवर केलेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, वेगळ्या हातांचे लेखन एकाच हातचे ठरवण्याची चूक ३.१ टक्के आणि एकाच हातचे लेखन वेगळे ठरवण्याची चूक १.१ टक्के होती.

अक्षर आणि चित्र यांचा दुसरा खरा उपयोग डॉक्टरांकडे आहे. स्मृतिभ्रंशाचा संशय असलेल्या रुग्णाला घड्याळ काढायला आणि त्यात बहुधा अकरा वाजून दहा मिनिटे दाखवायला सांगतात. ही वेळ मुद्दाम निवडलेली आहे. दहा मिनिटे दाखवण्यासाठी मोठा काटा २ वर न्यावा लागतो, पण मेंदूचे नियोजन बिघडलेले असेल तर रुग्णाचा हात ‘दहा’ या शब्दामागे ओढला जाऊन १० या आकड्याकडे जातो. हाताची थरथर कोणत्या प्रकारची आहे हे ठरवण्यासाठी गोगलगाईच्या शंखासारखी फिरत जाणारी रेघ काढायला लावतात.

पार्किन्सन आजारात अक्षर बारीक होते. मेंदूच्या तळाशी असलेल्या, हालचालींचा आवाका ठरवणाऱ्या भागांत डोपामिन हे रसायन कमी पडते, आणि हात लिहितो तसे अक्षर आक्रसत जाते. ओळीच्या सुरुवातीला ठीक असलेला शब्द शेवटी मुंगीएवढा होतो. लिहिणाऱ्याला बहुतेक वेळा ते जाणवत नाही. घरातल्यांना ते जुन्या आणि नव्या पत्रांवरून किंवा बँकेने सही जुळत नाही म्हणून परत केलेल्या धनादेशावरून कळू शकते. अशा वेळी ‘आजोबा अलीकडे फार मिटल्यासारखे झालेत’ असा अर्थ अक्षरातून न काढता मेंदूविकारतज्ज्ञाकडे जावे. या रुग्णांसाठी एक साधा उपाय उपयोगी ठरलेला आहे: कागदावर समांतर रेघा आखून अक्षर त्या दोन रेघांना टेकवत लिहायला सांगायचे. डोळ्यांना हद्द दिसली की हात पुन्हा मोठे लिहू लागतो. पहिलीत पाटी सुटल्यावर मिळालेली दुरेघी वही अशा प्रकारे साठ-सत्तर वर्षांनी पुन्हा टेबलावर येते.